बाथरूमची खिडकी आणि सदा मेस्त्री

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या बाथरूमचा दरवाजा सुताराने फोडला... आणि आत माझी आई बेशुद्ध पडलेली होती.

आठवडा झाला. आई आता घरी आहे, बरी आहे. पण मी अजून सावरलेली नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही मुलुंडला राहतो. किचनच्या ट्रॉल्या पार गंजल्या होत्या, म्हणून शेजारच्या वहिनींनी भांडुपचे सदा मेस्त्री सुचवले. मूळचे कुडाळकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. शनिवारी येऊन मापं घेऊन गेले आणि मंगळवारी काम सुरू केलं.

नवरा ऑफिसला गेला होता. मी हॉलमधे हेडफोन लावून मीटिंगमधे, आई आंघोळीला, मेस्त्री किचनमधे... अगदी रोजच्यासारखी सकाळ.

अचानक मेस्त्री माझ्या लॅपटॉपसमोर येऊन उभे राहिले. मी हाताने 'एक मिनिट' अशी खूण केली. त्यांनी सरळ टेबलावर थाप मारली.

"ताई, आई कधी गेल्यात आत? बादली कधीची भरून वाहतेय. मी दोन हाका मारल्या, ओ देत नाहीत."

मी धावले. "आई... आई..." दरवाजा बडवला. आतून फक्त पाण्याचा आवाज.

मला काही सुचेना. मेस्त्रींचा आवाज एकदम चढला. "बघत काय रवलंस? ग्यास बंद कर आधी! गिझरचा ग्यास!" मला अहो-जाहो करणारा माणूस एका क्षणात अरे-तुरेवर आला होता... आणि तेच बरं झालं. त्या आवाजानेच माझे पाय हलले.

मी किचनमधे जाऊन कॉक बंद करून येईपर्यंत त्यांनी दरवाजाच्या फटीत पटाशी घालून कडी उखडली होती. पण दरवाजा चार बोटं उघडला आणि अडकला. आई दरवाजाला लागूनच पडली होती.

मी जीव खाऊन ढकलायला गेले, तर त्यांनी मला धरून मागे ओढलं. "ढकलू नको. डोकं असेल तिथे."

दरवाजा फायबरचा. वरच्या भागावर त्यांनी हातोडीचे चार-पाच घाव घातले, तुटलेला भाग ओढून काढला, श्वास रोखला आणि त्या भोकातून आत उतरले. आधी हाताने खिडकीवरचा थर्माकोल फाडला. मग आईला बाजूला सरकवून दरवाजा उघडला. तिच्यावर टॉवेल टाकून आम्ही दोघांनी तिला गॅलरीत आणलं. श्वास चालू होता... पण हाक ऐकू जात नव्हती.

रिक्षात मेस्त्री आमच्यासोबत बसले. अंगभर भुसा, पायात चप्पल नाही.

हॉस्पिटलमधे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी गॅस गिझर आहे का? आणि बाथरूमची खिडकी?"

खिडकी... ती मी बंद केली होती. मीच. काचेच्या पट्ट्यांमधून कबुतरं आत यायची, म्हणून महिन्यापूर्वी थर्माकोलची शीट कापून चारही बाजूंनी टेप मारली होती. वर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही टाकला होता, 'झकास जुगाड' म्हणून. गॅस जळताना विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, कोंडलेल्या जागेत माणसाला कळायच्या आत तो खाली पडतो... हे मला डॉक्टरांकडून कळलं. मी शिकलेली बाई, आणि मला हे माहीत नव्हतं!

आईला ऑक्सिजन लावला. दुपारी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "मेस्त्रींना चहा दिलास का गं?" मी तिथेच रडायला लागले.

दोन दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. मेस्त्री आले ते किचनमधे गेलेच नाहीत. आधी बाथरूमचा नवा दरवाजा बसवला. बाहेर उघडणारा, आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी.

मला राहवेना. त्यांना म्हटलं, "मेस्त्री, खिडकी मीच बंद केली होती."

ते काम करता करता थांबले. "ठाऊक आहे ताई. मी शनिवारीच बघितलेली. हात धुवायला गेलो तेव्हा. वर गिझर, खिडकी बंद... तेव्हाच तुम्हाला धरून सांगायला हवं होतं. माझीपण चूक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

ते खाली बघून स्क्रू शोधत राहिले.

आणि मला आठवलं... ते बोलले होते! शनिवारी मापं घेऊन झाल्यावर ते म्हणाले होते, "ताई, ते बाथरूममधे जरा..." आणि मी त्यांचं वाक्य मधेच तोडलं होतं. "मेस्त्री, मी फक्त किचनचं बोललेय. बाकी कामं वाढवू नका." सुतार एका कामाला येतो आणि चार कामं काढतो, हा माझा पक्का समज. त्यांनी मान डोलावली, टेप गुंडाळली आणि निघून गेले.

मी त्यांची माफी मागितली. "असू दे ओ," एवढंच म्हणाले आणि बिजागरीत तेल सोडायला लागले.

गॅस गिझर त्याच दिवशी काढून टाकला. तुमच्याकडे असेल तर आत्ता उठा आणि बाथरूमची खिडकी बघून या, ही पोस्ट नंतर वाचा.

माझी आई आज शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसलीय, ती एका माणसामुळे. ज्याला मी एक वाक्यसुद्धा पूर्ण करू दिलं नव्हतं, त्याने दुसऱ्यांदा मात्र माझ्या 'एक मिनिट'च्या खुणेकडे दुर्लक्ष केलं... म्हणून.