हळदीचा टिळा

नगरपालिकेत लागले तेव्हा वडिलांनी आमच्या गावात, बेंबळीत, सांगून टाकलं, पोरगी साहेबीण झाली. कुठल्या खात्यात, हे मात्र ते सांगत नसत. खातं होतं मोकाट जनावरांचं आणि मी होते प्रशिक्षणार्थी. माझ्या हाताखाली एक जाळी, एक जुनी गाडी आणि आयुष्यभर कुत्री धरत आलेले एक काका. खरं तर मीच काकांच्या हाताखाली होते, पण कागदावर उलटं होतं आणि काका कागदाला मान द्यायचे. मला 'म्याडम' म्हणायचे आणि करायचं ते स्वतःच्याच मनानं.

कुत्र्यांशी जमत गेलं, माणसांशी जमेना. सकाळी तक्रार करणारी बाई म्हणायची, एवढं कुत्रं उचला. आम्ही जाळी टाकली की तीच दारातून ओरडायची, "ते नको, ते आमचं हाय." मग कोणतं, तर शेजारणीचं. माझा स्वभाव आधीच तापट. पहिल्या महिन्यात गल्लीतल्या कुत्र्यांपेक्षा मीच जास्त भुंकले असेन.

थंडीत रेबीजची लस टोचायचं काम निघालं. लस दिलेल्या कुत्र्याच्या कपाळावर रंग लावायचा, म्हणजे तेच कुत्रं दोनदा धरलं जात नाही. रंगाच्या कांड्या वरून यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. मी डोकं चालवलं. घरून हळद आणली आणि तेलात कालवली. कुत्र्यानं चाटली तरी अपाय नाही, डाग लवकर जात नाही आणि कुत्रं दिसतंही देखणं. दारोदार मोठ्यानं सांगत सुटले, "पिवळा टिळा असला की त्या कुत्र्याला भ्यायचं नाही." साहेबांनी पाठ थोपटली. मला कायम करायचं की नाही, याचा शेरा ते त्याच आठवड्यात लिहिणार होते, त्यामुळे ती थाप मला जरा जास्तच आवडली.

काका तेव्हा रजेवर होते. अर्जावर कारण लिहिलं होतं, खंडोबाचा सण. तो अर्ज मीच साहेबांकडे नेला होता.

दोन दिवसांत एका पेठेतली निम्मी कुत्री टोचून झाली. तिसरा दिवस चंपाषष्ठीचा. आमच्याही देव्हाऱ्यात खंडोबा आहे. आईनं वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे केले, आम्ही तळी उचलली आणि दारातल्या कुत्र्याला नैवेद्य घातला. खंडोबाचं कुत्रं म्हणून त्याच्या कपाळाला भंडारा लावला. भंडारा म्हणजे हळदच. मी माझ्या या हातानं लावला, तरी माझ्या डोक्यात काही येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

चौथ्या दिवशी साहेब पाहणीला आले, काकाही हजर झाले. पेठेत शिरलो तर एकूण एक कुत्रं पिवळं. घाईघाईनं टोचलेल्या कुत्र्यांची वही उघडली. माझ्याच अक्षरात ओळीनं लिहिलेलं, 'तांबडा, नर', 'तांबडा, नर'. त्या पेठेत तांबड्याशिवाय दुसरं कुत्रं शोधून सापडत नव्हतं. साहेबांना सगळ्यांचीच लस झाली असं वाटून आनंद झाला. काका माझ्या कानाशी आले. "म्याडम, ह्यातली देवाची कोणती अन् आपली कोणती?" मला हसू आलं, कारण तोवर ती गंमतच होती.

पेठेच्या टोकाला एक आजी एकटी राहायची, दारात बसून फुटाणे विकायची. तिच्या मनगटाला फडकं होतं. आदल्या दिवशी नैवेद्याच्या रोडग्यावरून दोन कुत्री एकमेकांना झोंबली, ही सोडवायला गेली आणि एकानं दात लावला. रक्त आलं, त्यावर तिनं लाल तिखट दाबून भरलं होतं.

"आजी, दवाखान्यात गेला होता का?"

"कशाला? ते बग, टिळा हाय की त्याच्या कपाळाला. तूच म्हणलीस, भ्यायचं न्हाय."

ते कुत्रं तिच्या पायाशीच बसलं होतं. तांबडं, नर.

"तरी सुई घ्यावी लागते, आजी."

"पोटात चौदा सुया? लई बघितल्यात म्या. टिळा तुझाच हाय न्हवं? तेवढं सांग."

"मॅडमनीच लावलाय, आजी. काळजी सोडा," साहेब मागून म्हणाले.

रेबीज एकदा अंगात उठला की माणूस वाचत नाही, हे मी शिकले होते. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर माझा शेरा चांगला आला असता आणि आजी घरात बसून राहिली असती.

"आजी, मला माहीत नाही," मी म्हणाले. "टिळा माझा असंल, नाहीतर देवाचा. मी हळद लावली आणि काल सगळ्यांनी भंडारा लावला. चूक माझी आहे. कोणत्या कुत्र्याला लस मिळाली, ते आता मला सांगता येत नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आजीनं आधी कुत्र्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"देवाचा असला तर देव बघंल की."

"बघंल. पण सुई दंडात देतात, पोटात नाही. आणि दर खेपेला मी तुमच्यासंगं येते."

"येशील?"

"येईन."

तिनं फुटाण्यांवर फडकं टाकलं. काकांनी नळ सोडला आणि मी सगळं तिखट निघेपर्यंत साबणानं तिचा हात धुतला. ती मला शिव्या देत होती आणि मला त्या ऐकायला बरं वाटत होतं. साहेब एवढंच म्हणाले, "सगळी पुन्हा टोचा. या वेळी निळा." माझा शेरा तीन महिने पुढं गेला. घरी वडिलांना सांगितलं, साहेबीण अजून पिकायची आहे.

चावलेलं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर काळजी मिटते. मी रोज कामावर जायच्या आधी भाकरी घेऊन त्याला बघायला जायचे. सहाव्या दिवशी त्यानं भाकरीला तोंड लावलं नाही आणि मी घरोघर पळत सुटले. पेठेत चौकशी केली, तर रात्री लग्नाच्या मांडवामागं त्यानं पोटभर जिलेबी हाणली होती.

दहाव्या दिवशी मी गाडीतून उतरले, तसं ते भुंकत अंगावर धावून आलं. डोळे स्वच्छ, शेपूट वर, आवाज खणखणीत. मी तिथंच उभी राहून रडायला लागले.

"कुत्रं जगलं म्हणून रडतीस व्हय गं?" आजीनं विचारलं.

"कुत्र्यासाठी न्हाय, आजी."

तिनं बसायचं पोतं सरकवून माझ्यासाठी जागा केली.

"बस. सोमवारची सुई राह्यलीया अजून. तुझ्याबिगर म्या जाणार न्हाय."