मिक्सर लावू का?

सातपूरच्या घरी आईने मिक्सर लावला, की माझा गेमिंगचा कॉम्प्युटर बंद पडायचा. कॅबिनेटसोबत आलेला पॉवर सप्लाय अगदीच टुकार होता. व्होल्टेज जरा उतरलं की मान टाकायचा. मी भयंकर चिडायचो. म्हणून आई आधी ओल्या हातांनी दारात येऊन विचारायची, "रेस संपली का रे? चटणी वाटायचीय." मग तिथेच उभी राहून गाडीचं शेवटचं वळण बघायची. "अरे, ठोकशील!" असं ओरडायचीसुद्धा.

पुढे नव्या ग्राफिक्स कार्डाचा हट्ट सोडून मी आधी चांगला, वजनदार पॉवर सप्लाय घेतला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला, तरी कॉम्प्युटर चालूच राहिला. रेस मी जिंकलो. आनंदाने मागे वळून पाहिलं, तर दारात कोणीच नव्हतं.