डॉक्टरला विचारणारा माणूस

“मना येवराच इचारायचा हाय,” असं म्हणून ती दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी राहायची. मिठागरात राबून चिरलेले हात असे झाकणाऱ्या बायका ठाण्याच्या कोर्टाबाहेर तुम्हीही पाहिल्या असतील. मी तेव्हा तिथल्या एका वकिलांकडे कारकून होतो.

माजिवड्याकडच्या खाडीकाठी तिचं झोपडं. नवरा आधीच गेलेला. एकुलत्या एका मुलीला, हिरूला, ताप आला म्हणून तिने पोरीला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरने बाटली दिली. घरी येऊन पहिला घोट घेताच पोरीच्या तोंडाची आग झाली आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. प्रेत घरात असतानाच दवाखान्याचा माणूस आला आणि “चुकीची बाटली गेली” म्हणत उरलेलं औषध घेऊन गेला.

आई जाब विचारायला दवाखान्यात गेली तर तिला दारातूनच हाकललं. कुणीतरी तिला सांगितलं, डॉक्टर तुला उत्तर देणार नाही, पण वकिलाने कोर्टात विचारलं की द्यावंच लागतं. म्हणून ती वकील शोधत होती.

“बाटलीत काय व्हता, येवराच,” ती म्हणायची. “दंड नको, तुरुंग नको.”

आमच्या वकिलांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. त्यांच्या घरी आजारपणाला तोच डॉक्टर येई. दुसऱ्या वकिलांच्या घरीही तोच. एकाने तर तिला समजावलं, “बाई, देवाची इच्छा होती.”

ती शांतपणे म्हणाली, “देवाला मी इचारीन. डाक्तरला कोन इचारंल?”

शेवटी मी तिला कल्याणच्या एका म्हाताऱ्या वकिलांकडे घेऊन गेलो. त्यांची प्रकृती तोळामासा, पक्षकार थोडे. त्यांनी तिचं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकलं. मग म्हणाले, “बाटली नाही, साक्षीदार नाही. हा दावा टिकायचा नाही, बाई. पण विचारायचं तर मी विचारीन.”

तिने कनवटीची पुरचुंडी सोडली. हिरूच्या लग्नासाठी केलेले चांदीचे तोडे होते. वकिलांनी त्यातला एक परत तिच्याकडे सरकवला. “मला एवढा पुरे. हा राहू दे घरी.”

“येका पायाचा तोडा घरात ठेवून मी काय करू, वकीलसायब?” ती म्हणाली. वकिलांनी दोन्ही ठेवून घेतले आणि लिहायला कागद पुढे ओढला.

दावा उभा राहिला. न्यायाधीश गोरा साहेब, कामकाज इंग्रजीत. म्हाताऱ्याने खोकत खोकत डॉक्टरला तोच प्रश्न विचारला. डॉक्टरने दोन वाक्यांत उत्तर दिलं. पुरावा नाही म्हणून त्याच दुपारी दावा निकालात निघाला.

बाहेर पिंपळाखाली तिने मला धरलं. “काय बोलला तो?”

मी सांगितलं. “म्हणाला, रोज पुष्कळ रोगी येतात. ही मुलगी मला आठवत नाही.”

मला वाटलं, ती आता कोसळेल. पण तिने विचारलं, “तिचा नाव सांगितला का कोनी त्याला?”

नाव कागदावर होतं. सबंध सुनावणीत तोंडाने मात्र ते कुणीच उच्चारलं नव्हतं. इंग्रजीत सगळे तिला ‘डिसीज्ड’, म्हणजे मयत, म्हणत होते.

डॉक्टर गाडीत चढत होता. ती चाकापाशी गेली आणि सावकाश, शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, “हिरू. हिरू नाव तिचा.” डॉक्टरने गाडीवानाला खूण केली. गाडी गेली तरी ती रस्त्यात उभीच होती. मी तिला वाटेला लावलं.

पुढे ती कोर्टाकडे आली नाही. मीठ पिकायच्या दिवसांत मी मुद्दाम खाडीकडे गेलो. तिच्या शेजारणीने हातातलं फावडं थांबवून सांगितलं, “पावसात गेली. तापानं फणफणली व्हती. आमी दवाखान्यात न्याया डोलीत घातली, तवा खाली उतरून चिखलातच बसली. बोलली, मना नका नेऊ. त्याला मी बी आठवायची नाय.”

एवढं सांगून शेजारीण कामाला लागली. मी बांधावर उभा होतो. समोर तिचं झोपडं होतं. कुडाची भिंत पडली होती, आणि आत, चूल होती तिथे, कुणीतरी मिठाची रास घातली होती.