लाखोळीचं पाणी

नागपूरहून भिलाईला आले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. कॉलेजच्या अन्नशास्त्र विभागात शिकवणारे आम्ही तिघंच. बाकीचे दोघं घरसंसारवाले, पाच वाजले की स्कूटर काढून आपापल्या सेक्टरला जायचे. भाड्याच्या खोलीत माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून मी प्रयोगशाळेतच रेंगाळायची. वर्गात हिंदी, बाजारात हिंदी. मराठी उरली ती आईच्या पत्रांत. "तुले तिथं करमते का?" ती दर पत्रात विचारायची. मी उत्तरात प्रयोगांबद्दल लिहायची.

माझा विषय लाखोळीची डाळ. तिकडे तिला तिवरा म्हणतात. दुष्काळात माणसं महिनोन्महिने तीच खातात आणि काहींचे पाय कायमचे लुळे पडतात. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की विष बरंचसं निघून जातं. किती वेळ भिजवायची, किती पाणी बदलायचं, हेच मी दोन वर्षं मोजत होते.

मग चव पाहायला माणसं हवी होती. सहकाऱ्यांना बोलावलं. "मैडम, हमें अभी चलना-फिरना है," एक जण हसत म्हणाले. वर्गातल्या मुलीही आल्या नाहीत. चिठ्ठ्या चिकटवलेल्या बारा वाट्या टेबलावर निवत होत्या. शेवटी एकटीच खायला बसले.

काचसामान धुणारी बाई दारातून बघत होती. आत येऊन तिने एक वाटी उचलली आणि चाखली.

"स्वाद तो पानी में फेंक दिया आपने," ती म्हणाली. वाटी खाली ठेवून म्हणाली, "मेरे बाप के पाँव इसी से गए हैं."

दोन वर्षं आम्ही एका छताखाली काम करत होतो. मी तिला घरचं कधी काही विचारलंच नव्हतं.

रविवारी तिच्यासोबत बसने तिच्या गावी, जामुलला गेले. म्हातारा अंगणात खाटेवर बसला होता, गुडघे एकमेकांत अडकलेले, शेजारी दोन काठ्या. पाणी कसं फेकायचं ते मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ओ बछर पानी कहाँ रिहिस, बाई?"

दुष्काळाच्या वर्षी फेकायला पाणी कुठून आणायचं, हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, निम्म्या पाण्यात. त्याला आणखी तीन वर्षं लागली. विष तितकं निघालं नाही, पण बरंच निघालं. चव पाहायला दर वेळी आम्ही दोघीच, समोरासमोर.

शोधनिबंध छापून आला तेव्हा तिने तो हात पुसून हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं.

"इसमें मेरे बाप का कहाँ लिखा है?"

पानं इंग्रजीत होती, आणि त्यांत नाव फक्त माझं. मी तक्त्यातल्या निम्म्या पाण्याच्या ओळीवर बोट ठेवलं. "यहाँ."

तिने हात पुन्हा एकदा पुसला आणि त्या आकड्यांवरून बोट फिरवलं.