मफलरातले वॉल्व

अकोल्याहून अमरावतीला येताना एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. त्याच्या मांडीवर गिटारीचा जुना अँप्लिफायर होता, म्हणजे आवाज मोठा करायची लाकडी पेटी. दोन्ही हात पेटी धरण्यात गुंतलेले, म्हणून पेटीतून काढून मफलरात गुंडाळलेले, बल्बसारखे दिसणारे काचेचे वॉल्व त्याने मला धरायला दिले.

"सांभाळा ताई. हे आता कुठं भेटत नाही. आज जुन्या ऑर्केस्ट्रातल्या दोस्तायसंग वाजवाचं हाय. एक जरी फुटला तं पेटी मुकी."

मी नुसती मान हलवली. अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही. तोच सांगत राहिला. आधी असे काचेचे वॉल्व होते, मग ट्रान्झिस्टर आले, आता नातू मोबाइलला जोडूनच गिटार वाजवतो.

"त्याचं बटन दाबलं का लगेच बोलते. हे पेटी पयले गरम होते, मंग बोलते. पन गोड बोलते."

पुढे प्रत्येक खड्ड्याला मी तो मफलर छातीशी धरला. स्टँडवर उतरल्यावर त्याने एकेक वॉल्व कानाजवळ हलवून पाहिला. आत काहीच खुळखुळलं नाही.

"वाजते आज आपली गिटार," तो म्हणाला.

मी गिटारीला कधी हातही लावलेला नाही. तरी तो 'आपली' म्हणाला, आणि ऑटोत बसल्यावर मी एकटीच हसत होते.