अकरा गड्यांचं वजन

दुबईत अल बर्शाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दर शनिवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरून घरघर ऐकू यायची. इतका वेळ मिक्सर कोण चालवतं, म्हणून मी एकदा तक्रार करायला वर गेलो, आणि दोन तासांनी खाली आलो.

वर एक निवृत्त अमेरिकन शिक्षक एकटेच राहतात. त्यांच्या टेबलावर पत्र्याचं हिरवं मैदान होतं, खाली मोटर. बटण दाबलं की पत्रा थरथरायचा आणि त्यावरचे बोटभर उंचीचे प्लॅस्टिकचे गडी आपोआप चालू लागायचे. खेळ अमेरिकन फुटबॉलचा. एकाने चेंडू घेऊन पळायचं, बाकीच्यांनी समोरच्यांना रेटायचं. त्यांनी मला अकरा जुने गडी देऊन टाकले. तेव्हापासून मी आणि माझी बारा वर्षांची मुलगी दर शनिवारी वर जाऊ लागलो, आणि दर शनिवारी हरू लागलो. त्यांचे पुढचे गडी आमच्या गड्यांना सरळ मागे ढकलत न्यायचे.

आमचे हलके आहेत, असं मी ठरवलं. प्रत्येकाच्या छातीला आणि पाठीला मुलीची क्ले थापली. पुढच्या शनिवारी बटण दाबलं, तर आमचे सगळे जागच्या जागी नुसते कापत उभे. एक तोंडावर पडला.

"बाबा, दे आर टू फॅट," मुलगी शांतपणे म्हणाली. शिक्षकांना हसता हसता चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

दुसऱ्या दिवशी माझा एक मित्र जेवायला आला. तो सांगलीकडचा, दुबईच्याच देरा भागात सोनं गाळायचं काम करतो. खोलीत पाच जण राहतात, म्हणून रविवारी आमच्याकडे भाकरी खायला येतो. जेवण झाल्यावर त्याने सगळी क्ले खरवडून काढली, दोन गडी तळहातावर घेतले आणि दोन्ही सारखे नाहीत म्हणाला. मला तर काही फरक कळेना. आपल्या मालकाला विचारून तो अकराही जण कारखान्यात घेऊन गेला आणि सोन्याच्या काट्यावर तोलून आणले. एकाच साच्यातले गडी, पण ज्यांच्यावर रंगाचे थर जास्त, ते जड निघाले.

"वजन वर असलं की पडतंय," तो म्हणाला. "खाली लावा, आन् थोडंच."

मग त्याने तीच क्ले परत घेतली. पुढच्या पाच जणांच्या पायाशी जरा जरा लावली. पळणाऱ्याचा रंगही तासला. पण तो इतका हलका झाला की जेवणाच्या ताटात ठेवून ताट हलवलं, तर गोल गोल फिरू लागला. मग त्याच्या पायाशी मोहरीएवढी क्ले परत लागली.

त्या शनिवारी मित्रही वर आला. आमचे पुढचे पाच हळू सरकले, पण हटले नाहीत. त्यांच्यामधून पळणारा निघाला आणि रेषेपार गेला. आम्ही पहिल्यांदा जिंकलो. मुलगी मला बिलगली. मित्र मात्र अजून मैदानाकडेच बघत होता.

शिक्षकांनी उठून त्याच्याशी हात मिळवला आणि आपलीही टीम तोलून द्याल का, असं विचारलं. एरवी घरात मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी दोघांच्या मध्ये उभी राहून याचं त्याला सांगत होती, अडखळत, पण न कंटाळता. मित्र लाजून हो म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी तो त्यांच्या बाजूला बसला, आणि आम्ही सपाटून हरलो.