दिवस असेपर्यंतचा वाद

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण पेटलं. कुठल्याशा शहरात दहशतवादाच्या संशयावरून माणसं धरल्याची बातमी होती. धाकट्या पुतण्यानं लिहिलं, असल्यांना जामीन नको, खटला नको, काही नको. पुण्याच्या भाचीनं विचारलं, आणि माणूस चुकीचा निघाला तर? झालं! दुपारपर्यंत दोघांनी एकमेकांची अक्कल काढली आणि संध्याकाळी दोघंही ग्रुप सोडून गेले. बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या गॅलरीत बसून मी ते सगळं वाचलं आणि मला हसूच आलं. ग्रुप सोडणं हे काय सोडणं झालं? बोटानं एक बटण दाबायचं. आमच्या घरात ह्याच भांडणात एक माणूस भरल्या ताटावरून उठून गेला होता. त्याला म्हणतात सोडून जाणं.

ते घर निपाणीतलं. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तंबाखूची अडत होती. निपाणीत नवा पाहुणा आला की आधी शिंकतो आणि मग नमस्कार करतो, अशी आमच्याकडं थट्टा होती. आम्हाला त्या वासाचं काही वाटत नसे. आजही बाजारात कुठं तंबाखूचा वास आला की मी क्षणभर थांबते, आणि माझी मुलं मला ओढतात, "आई, काय वास घेत बसलीयस?" त्यांना काय सांगणार.

आम्ही जैन. दिवस मावळला की आमच्या घरात कुणाच्या तोंडात घास जात नसे. उन्हाळ्यात ठीक, पण थंडीत सहा वाजायच्या आत सगळ्यांना ताटावर बसावं लागे. आई दुपारी चारलाच पीठ मळायला घ्यायची आणि पश्चिमेच्या खिडकीकडं बघत भाकऱ्या थापायची. आमच्याकडं घड्याळ होतं, पण जेवणाला ते कुणी विचारत नव्हतं.

आणि रोज त्या वेळेला, कोर्टाचा काळा कोट खांद्यावर टाकून, घाम पुसत, वकीलकाका यायचे. ते आमच्या नात्यातले नव्हते आणि जैनही नव्हते. संकेश्वरकडच्या एका ऊसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत आप्पांच्या बाकावर बसणारा मित्र. निपाणीत खोली करून राहायचे आणि शनिवारी गावाकडं बायकापोरांत जायचे. इतर दिवशी त्यांचं रात्रीचं जेवण आमच्याकडं, आणि तेही दिवसा! "वैनी, तुमच्या घरात जेवून रात्री दहाला पुन्हा भूक लागती बघा," असं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

ह्या जेवणाची सुरुवात कशी झाली ते मला आईनं सांगितलं होतं. तरुणपणी काका सीमाप्रश्नाच्या आंदोलनात होते. आमच्या भागात त्यात काही नवल नाही, तुरुंग बघून आलेला माणूस गल्लीत एक तरी निघतोच. काकांना धरलं, आणि चार महिने आत ठेवलं. गुन्हा काय ते कुणी सांगेना. सुटले त्या दिवशी आप्पा बेळगावला जाऊन त्यांना एसटीनं घेऊन आले ते थेट आमच्या घरी. दिवस मावळायला आला होता. आईनं ताट आधीच वाढून ठेवलं होतं. काका जेवले, आणि मग पाटावर बसूनच लहान पोरागत रडले. त्यानंतर ते वकिली शिकले.

आप्पांचा धाकटा भाऊ दूरच्या शहरात नोकरीला होता. तिथं बाजारात बॉम्ब फुटला, त्यात तो गेला. भाजी आणायला गेला होता, बस्स. बातमी आली तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली, आप्पा तिला सोडून हलेनात. त्याला आणायला वकीलकाका एकटे गेले. आणलं ते बांधूनच आणलं, कुणाला उघडू दिलं नाही. आप्पांनी एवढंच विचारलं, "चेहरा?" काका म्हणाले, "बरा हुता. झोपल्यागत." आप्पांनी ते वाक्य किती वर्षं जपलं असेल! आजीला तेच सांगितलं, बहिणींना तेच सांगितलं, आणि दर वर्षी त्या दिवशी स्वतःलाही तेच सांगत असावेत.

आता ह्या दोन माणसांत दहशतवादाच्या कायद्यावरून वाद होणार नाही तर काय! एक कायदा जायचा, दुसरा यायचा, नाव बदलायचं, आणि आमच्या स्वयंपाकघरातला वाद मागच्या पानावरून पुढं चालू. माणसाला आरोपाशिवाय किती दिवस ठेवायचं, पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब खरा धरायचा का, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी आमटीबरोबर ऐकलं. आप्पा म्हणायचे कायदा कडकच पाहिजे. काका म्हणायचे, कडक कायदा कडक माणसाला लागत नाही, गरिबाला लागतो. आई म्हणायची, "भाकरी कडक व्हायला लागलीया, आधी ती खावा." मग दोघंही हसायचे.

मी कॉलेजात होते त्या वर्षी मात्र कुणी हसलं नाही. पुन्हा कुठंतरी स्फोट झाला होता, नवा कायदा यायची चर्चा होती. जेवताना काका म्हणाले, "कायदा करतील रं, पण ही पोरं तयार का हुत्यात हे कुणी इचारणार का न्हाय?"

आप्पांनी घास खाली ठेवला. "माझ्या भावानं कुणाचं काय वाकडं केलतं? सांग की त्याचं कारण!"

"तसं न्हवं म्हणत मी. तुला दुःख हाय म्हणून तुझं म्हणणं बरोबर ठरत न्हाय, एवढंच."

"आणि तू चार महिनं आत बसलास म्हणून तुझं बरोबर? तुला काय, तुला धरलेलं हरेक माणूस आपल्यागत निर्दोषच वाटतंय. उद्या भावाला मारणाऱ्याचं वकीलपत्र घेशील तू."

काका उठले. ताटात अर्धी भाकरी, वाटीत आमटी, सगळं तसंच. हात धुतला आणि कोट घेऊन निघून गेले. आमच्या घरात ताटात शीतसुद्धा टाकणं पाप. भरल्या ताटावरून पाहुणा उठला, आणि तो पाहुणा कोण, तर वकीलकाका! आई त्या ताटावर परात झाकून बसली. मला आप्पांचा इतका राग आला होता की दोन दिवस मी त्यांना चहा दिला नाही.

त्यानंतर महिनाभर दोघांचं तोंड एकमेकांना दिसलं नाही. निपाणीएवढ्या गावात न दिसणं म्हणजे केवढे कष्ट बघा! काका लांबच्या गल्लीनं कोर्टात जायचे, आप्पा बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला मागच्या दारानं. आई रोज दोन भाकऱ्या जास्त थापायची, मावळतीपर्यंत वाट बघायची आणि मग त्या शेजारच्या गाईला घालायची. "गाय लठ्ठ झाली, पण तुमचा अबोला मोडंना," असं आप्पांना ऐकवायची. आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि खिडकीतून रस्त्याकडं बघत राहायचे. त्यांना तो माणूस परत ताटावर पाहिजे होता. बोलावणार कोण, एवढाच प्रश्न होता. जळलं मेलं ते पुरुषांचं!

अशात वाचनालयाचा वादविवाद आला. दर उन्हाळ्यात तो व्हायचा, आणि त्याच्या दोन रीती फक्त आमच्याकडच्या. एक म्हणजे सभा दुपारी चारला, भर उन्हात. कारण अर्धे श्रोते जैन, दिवस कलला की वक्ता कितीही रंगात असो, लोक चपला शोधायला लागत. दुसरी रीत चिठ्ठीची. फार पूर्वी म्हणे एका सभेतलं भांडण रस्त्यावर आलं होतं, टोप्या उडाल्या होत्या. तेव्हापासून कोण कुठल्या बाजूनं बोलणार हे चिठ्ठी टाकून ठरायचं, म्हणजे व्यासपीठावर बोललेलं कुणी घरी न्यायचं नाही. त्या वर्षीचा विषय होता नवा कायदा, आणि दोन वक्ते भांडणाच्या आधीच ठरलेले. एक वकीलकाका, दुसरे, पहिल्यांदाच, आप्पा.

"मी जाणार न्हाय," आप्पा म्हणाले.

"नका जाऊ," आई म्हणाली. "भावजी म्हणतील, भ्याला."

आप्पांनी मुकाट्यानं कपाटातून धुतलेलं धोतर बाहेर काढलं.

मी पहिल्या रांगेत बसले होते. अध्यक्ष आमचे निवृत्त हेडमास्तर होते. सत्कार आणि त्यांचं लांबलेलं प्रास्ताविक ह्यातच दोन तास गेले, मग त्यांनी डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. कायद्याच्या बाजूनं बोलायचं वकीलकाकांनी. कायद्याच्या विरुद्ध आप्पांनी. सभागृहात खसखस पिकली, कारण दोघांची मतं गावाला पाठ होती. आप्पांचा चेहरा पडला. काका चष्मा पुसत राहिले.

आधी आप्पा उठले. तंबाखूचा भाव सोडून ते चार माणसांत कशावर बोललेलं मी ऐकलं नव्हतं. टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मला कलमं ठावं न्हाईत. आमचा एक माणूस चार महिनं आत हुता. त्याची आई दर बाजारादिवशी माझ्या अडतीवर यायची. म्हणायची, माझं लेकरू कधी येणार? चोराच्या आईला तारीख सांगता येती, खुन्याच्या आईला सांगता येती. त्या बाईला मी काय सांगू? मला तारीख म्हाईत न्हवती, गुन्हा म्हाईत न्हवता. मी तिला च्या पाजायचो आणि एसटीत बसवायचो. कायदा करणाऱ्यानं एकदा त्या बाईला एसटीत बसवून यावं."

आप्पा काकांकडं बघत नव्हते, खिडकीकडं बघत होते.

"आणि पोरं तयार का हुत्यात म्हणून इचारत्यात. ते पोरगं आत गेलं तवा कुणाच्या अंगावर धावून जाणारं न्हवतं. भाईर आलं तवा त्याच्या डोळ्यात मी बघितलंय, कायबी केलं असतं त्यानं. केलं न्हाय, कारण त्याच्यासाठी एका घरात ताट वाढलेलं हुतं. सगळ्यांसाठी कुठंतरी ताट वाढलेलं असतंच असं न्हाय." एवढं बोलून ते मटकन बसले.

अहो, महिनाभर ज्या माणसाचं नाव आप्पांच्या तोंडून निघालं नव्हतं, त्याचंच म्हणणं त्यांनी त्याच्यापेक्षा चांगलं मांडलं होतं! माझा राग कुठल्या कुठं गेला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसायला पदर नव्हता, मी पंजाबी ड्रेस घातला होता.

मग काका उठले. ते कसलेले वकील, सुरुवातीला कलमांची चार वाक्यं बोलले, आणि थांबले. आवाज उतरला. "मी कायम इचारतो, मारणाऱ्याला कुणी तयार केलं. प्रश्न बरोबर हाय. पण तो इचारायलाबी जागा बघावी लागती. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याच्या ताटावर बसून तो इचारायचा नसतो. त्याला आधी न्याय पायजे, कारण मागनं. राज्य मला वाचवू शकत न्हाय, असं एकदा माणसाला वाटलं की तो कुणावरच विश्वास ठेवत न्हाय. कडक कायदा मागणारा माणूस क्रूर नसतो, घाबरलेला असतो. आणि त्याला घाबरायला कारण असतं. मी बघितलंय ते कारण."

ऊन समोरच्या भिंतीवर तिरपं चढलं होतं. मागच्या रांगेतल्या एकदोघांनी चपलांकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला. कुणी उठेना.

"त्या गावच्या दवाखान्यात मी गेलतो," काका म्हणाले. "ओळीनं ठेवली हुती. म्हणाले, तुमचं माणूस ओळखा. मी दोनदा ओळीतनं फिरलो. शेवटी बटणावरनं ओळखलं. सदऱ्याला वैनींनी लावलेलं, रंग न जमणारं बटण. चेहरा..."

तिथं ते थांबले. आप्पांनी मान वर केली होती. दोघं एकमेकांकडं बघत होते, महिनाभरात पहिल्यांदा. मग काकांनी खिडकीकडं बघितलं. सूर्य अडतीच्या पत्र्यांवर टेकत आला होता.

"अध्यक्षमहाराज," ते म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे. दिवस मावळाय लागलाय. ह्याला जेवायचं हाय."

आणि व्यासपीठ ओलांडून गेले, आप्पांचा दंड धरला आणि त्यांना उठवलं. हेडमास्तर काहीतरी बोलत होते, निकाल द्यायचा होता बहुतेक. तो निकाल काय लागला ते आजतागायत मला माहीत नाही.

घराकडं दोघं जवळजवळ पळत निघाले, मी मागं. दारात आई उभी होती. तिनं आप्पांच्या मागं काका बघितले, आणि आत जाऊन दुसरं ताट मांडलं. रोजच्यासारखी भाकऱ्या जास्तच होत्या.

"वैनी, चटणी जरा जास्त घाला," काका म्हणाले. "महिनाभर खानावळीचं खाऊन तोंड मेलंय."

"गाईनं चटणी मागितली न्हाय कधी," आई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत आत वळली.

आप्पा जेवत नव्हते. ताटाकडं बघत बसले होते. मला वाटलं, आता विचारतात. आणि त्यांनी विचारलंच, हळू आवाजात.

"चेहरा बरा हुता म्हणालतास न्हवं?"

काकांचा हात ताटात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "झोपल्यागत हुता."

आप्पांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. मग तुपाची वाटी उचलली आणि सगळी त्यांच्या भातावर उपडी केली.

"जेव मर्दा," म्हणाले, "दिवस मावळंल."